लेकीला कंट्री गायिका व्हायचंय आणि नॅशव्हिल दोन तासांवर आहे

चॅटनूगाची_आई
नमस्कार मंडळी. आठ-नऊ वर्षं वाचनमात्र आहे, आज पहिला धागा काढतेय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही टेनेसीत चॅटनूगाला राहतो. मी डोंबिवलीची, नवरा सांगलीचा. लेक १७ वर्षांची, पुढच्या मे महिन्यात तिचं हायस्कूल संपेल. चौदाव्या वर्षी शेजारच्या गराज सेलमधून ४० डॉलरची गिटार घेऊन आली. मला वाटलं, चार दिवसांची हौस. हौस काही गेली नाही. स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाल लावते. आणि सगळी कंट्री, म्हणजे इथलं गिटार-बँजोवरचं गावाकडचं संगीत! घरात सकाळी भीमसेनजी लागतात, आणि ही वरच्या खोलीत पेट्रोल पंपावरच्या बंद पडलेल्या स्लशी मशीनवर गाणं लिहीत असते.

आता म्हणते, कॉलेज नको, कंट्रीचं माहेरघर नॅशव्हिल, तिथे जाऊन राहते, 'को-राइट' करते, म्हणजे इतरांबरोबर मिळून गाणी लिहिते. आय-२४ हायवेने दोन तासांचा रस्ता, जाताना घड्याळ एक तास मागे जातं म्हणून तिला वाटतं एका तासातच पोचतो.

धागा काढायचं तातडीचं कारण वेगळं आहे. गेल्या महिन्यात एका 'रायटर्स नाइट'ला (गीतकार आपापली गाणी म्हणतात तो कार्यक्रम) तिने दोन गाणी म्हटली. नंतर एक गृहस्थ भेटले, कार्ड दिलं. चार गाण्यांचा डेमो (नमुन्याचं रेकॉर्डिंग) करून देतो, लेबलवाल्यांपर्यंत, म्हणजे रेकॉर्ड कंपन्यांपर्यंत पोचवतो, खर्च ६,४०० डॉलर. लेक हवेत आहे. नवरा तेव्हापासून जेवणाच्या टेबलावर एक शब्द बोलत नाही. मी मध्ये.

द्यावेत का पैसे? आणि पाठवावं का?

हिंगाचा_डबा
नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. दुसऱ्यासाठी चहा टाकून येते.

रात्रपाळी
ताई, मी अकरा वर्षं नॅशव्हिलजवळ मर्फ्रीजबरोला आहे. हॉस्पिटलच्या आयटीत नोकरी, पण शनिवार-रविवार एका मित्राच्या बँडचं सामान उचलतो, त्यामुळे थोडं आतलं माहीत आहे.

हिंगाच्या डब्याला अनुमोदन. इथे एक साधा नियम सगळे सांगतात: खरा पब्लिशर (गाण्यांचे हक्क सांभाळणारा प्रकाशक) तुमच्याकडून पैसे घेत नाही, तुम्हाला देतो. गाणं ऐकून डोळ्यांत पाणी आणणारा आणि लगेच खर्चाचा आकडा सांगणारा माणूस दिसला की पाकीट घट्ट धरायचं. डेमो करून घ्यायचाच असेल तर स्टुडिओ आणि वादक यांचे पैसे मोजा, तो सरळ व्यवहार आहे. 'पोचवतो' या क्रियापदाचे पैसे देऊ नका. आणि ती १७ ची आहे म्हणजे सही तुमची मागतील. वाचल्याशिवाय, वकिलाला दाखवल्याशिवाय करू नका.

आता गावाविषयी. पर्यटक बघतात ते ब्रॉडवे, म्हणजे नॅशव्हिलचा बारचा रस्ता. सकाळी दहा-अकरापासून मध्यरात्रीनंतरपर्यंत प्रत्येक बारच्या खिडकीत एक बँड. चार-चार तासांची पाळी, मानधन नावापुरतं, बाकी सगळं टिपच्या बादलीवर. तिथे स्वतःचं गाणं कोणी ऐकत नाही. बॅचलरेट पार्टीला आलेल्या बायका वीस डॉलर टाकून जुनीच फर्माईश करतात. शिवाय संध्याकाळनंतर बऱ्याच ठिकाणी २१ च्या आतल्यांना प्रवेश नाही.

लेखकांचं गाव वेगळं आहे. ब्लूबर्ड कॅफे हे नाव तिने घेतलंच असेल. १९८२ साली एमी कर्लंड नावाच्या बाईंनी सुरू केलं, दुकानांच्या एका साध्या रांगेत, जेमतेम ९० माणसं मावतात. चार गीतकार मधोमध गोल करून बसतात, पाळीपाळीने आपलं गाणं म्हणतात आणि ते कसं सुचलं ते सांगतात. गाणं चालू असताना कुजबूज केली तर लोक वळून बघतात. कंट्रीतला मोठा स्टार गार्थ ब्रूक्स, त्याला रेकॉर्ड कंपन्यांनी नाकारलं होतं, मग त्याच नाकारणाऱ्यांपैकी एकाने त्याला इथे ऐकलं आणि मत बदललं. सोमवारी तिथे ओपन माइक असतो, कोणीही येऊन गाऊ शकतं. नाव द्यायचं, नंबर लागला तर लागला. तिथे घेऊन जा. तिकीट लागत नाही.

शंकासुर
टेलर स्विफ्टमुळे सगळ्या मुलींना वाटायला लागलंय. लाखात एक होते. बाकीच्या ९९,९९९ कॉफी विकतात.

अर्धा_कप
@शंकासुर, कॉफी विकणं वाईट का? मी विकते. :)

टेलर स्विफ्टची गोष्ट नीट बघितली तर उलटंच दिसतं. तेराव्या वर्षी तिला आरसीए या रेकॉर्ड कंपनीने 'डेव्हलपमेंट डील' दिलं होतं, म्हणजे बांधून ठेवायचं, पण अल्बम कधी ते सांगायचं नाही. तिने ते सोडलं. १४ व्या वर्षी सोनीच्या प्रकाशन विभागात गीतकार म्हणून लागली, तिथली सर्वांत लहान. दिवसभर शाळा, शाळा सुटल्यावर लिझ रोज या मुरलेल्या गीतकार बाईंबरोबर गाणी. पहिला अल्बम आला ऑक्टोबर २००६ मध्ये. म्हणजे आधी लेखणी, नंतर स्टेज.

शंकासुर
आणि वडील शेअर ब्रोकर. ते लिहायचं राहिलं. पेन्सिल्व्हेनियातून अख्खं घर उचलून हेंडरसनव्हिलला आणलं, लेबलमध्ये थोडी भागीदारीही घेतली. सांगलीकर दादांची तयारी आहे का?

चॅटनूगाची_आई
सांगलीकरांची तयारी गाडीत पेट्रोल भरण्यापर्यंत आहे.

सतारमेकर_गल्ली
मिरजेहून नमस्कार. आमच्या घरात तीन पिढ्या तंबोरे, त्यामुळे वाद्याचा विषय दिसला की राहवत नाही.

ताई, तुमच्या लेकीला एक विचारा: नॅशव्हिलचे वादक स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) न वापरता आकड्यांवर वाजवतात, ते तिला येतं का? पहिल्या सुराच्या कॉर्डला १, चौथ्याच्या कॉर्डला ४, पाचव्याच्या ५. गायक म्हणाला, आज घसा बसलाय, एक सूर खाली घेऊ, तर कागद बदलावा लागत नाही. १९५० च्या दशकाच्या शेवटी जॉर्डनेअर्स या गायकांच्या गटातल्या नील मॅथ्यूज यांनी हे सुरू केलं असं सांगतात, मग स्टुडिओतल्या वादकांनी उचललं.

हे वाचलं तेव्हा मी आमच्या आबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे सा बदलला तरी मध्यम मध्यमच! त्यात नवं काय?" काळी एक असो की पांढरी चार, आपल्याला लहानपणापासून हेच शिकवतात. तुमच्या घरात भीमसेनजी लागतात ना? मग मुलीची अर्धी तयारी कानावरून झालेली आहे, तिला माहीत नसेल इतकंच.

रात्रपाळी
@सतारमेकर_गल्ली, हे फार भारी. आमच्या स्टील गिटारवाल्याला उद्या सांगतो.

ढोलताशा_निवृत्त
अवांतर: कंट्रीत बँजो असतो ना? आमच्या लालबागच्या बेंजो पार्टीत पण बेंजोच असतो. मुलीला दोन महिने इकडे पाठवा, विसर्जनाला पाच तास नॉनस्टॉप वाजवेल, ब्रॉडवेची चार तासांची पाळी म्हणजे किरकोळ.

सतारमेकर_गल्ली
दादा, आपला बेंजो तो बँजो नव्हे. आपला म्हणजे बुलबुल तरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला, त्याला पिकअप आणि अ‍ॅम्प्लिफायर जोडलेला. त्यांचा बँजो म्हणजे चामड्याने मढवलेलं गोल तोंड आणि लांब मान. तो आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांबरोबर अमेरिकेत गेला. गोऱ्यांचं वाद्य असा लोकांचा समज आहे, तो नंतरचा.

ढोलताशा_निवृत्त
बटणं असोत नाहीतर मान, नाचायला येतंय ना?

हिंगाचा_डबा
धागा पार भरकटण्याआधी मुद्द्याचं विचारते. ताई, स्पष्ट विचारल्याबद्दल राग नको. कंट्री म्हणजे ट्रक, चर्च, बूट आणि पांढरे चेहरे. तिथे सावळ्या मराठी मुलीला कोण घेणार?

चॅटनूगाची_आई
राग कसला, माझ्याही मनात तेच आहे. नवऱ्याच्या तर नक्कीच, बोलत नाही एवढंच. लेकीला विचारलं तर म्हणाली, "आई, माझ्या गाण्यात ट्रक आहे. बाबांचा आहे. टोयोटा."

अर्धा_कप
हिंगाच्या डब्याचा प्रश्न रास्त आहे. कंट्री गायक चार्ली प्राइडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड १९६६ मध्ये रेडिओ स्टेशनांना पाठवल्या तेव्हा सोबत फोटो पाठवला नव्हता, तो काळा आहे हे कळू नये म्हणून. आवाज आवडला, मग माणूस दिसला. पुढे तो मोठाच झाला. पण फोटो लपवावा लागला, हे विसरता येत नाही.

२०२४ मध्ये शाबूझी या गायकाचं बारमधलं गाणं १९ आठवडे बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत पहिलं होतं. व्हर्जिनियात वाढलेला, आईवडील नायजेरियन. म्हणजे स्थलांतरितांची मुलं येत आहेत. आणि आपल्याकडचा म्हणाल तर देहरादूनचा बॉबी कॅश ऑस्ट्रेलियात टॅमवर्थच्या कंट्री महोत्सवात गाऊन आलाय.

रंगापेक्षा मला मुलगी असण्याची काळजी जास्त वाटते. २०१५ मध्ये एका रेडिओ सल्लागाराने छापील मुलाखतीत सांगितलं होतं की कंट्री स्टेशनचं सॅलड पुरुष गायकांचं, बायका म्हणजे त्यातले टोमॅटो, थोडेच घालायचे. यावर मोठा गदारोळ झाला, 'टोमॅटो-गेट' म्हणूनच ओळखतात.

हिंगाचा_डबा
टोमॅटोशिवाय कोशिंबीर करून दाखवा म्हणावं.

शंकासुर
काकडीची करतात.

हिंगाचा_डबा
शंकासुर, तुमच्या आयडीला जागता.

खटल्याची_तारीख
मी मुंबईत कॉपीराइटची कामं करते, अमेरिकेतलं धंद्यापुरतं माहीत आहे. धागाकर्तीने ६,४०० डॉलरचा प्रश्न विचारलाय, त्याच्या शेजारी एक आकडा ठेवते: ८५ डॉलर.

प्रसिद्ध न झालेल्या १० पर्यंत रचना अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात एकाच अर्जात नोंदवता येतात, त्याची ही फी. कॉपीराइट तसा गाणं कागदावर किंवा रेकॉर्डिंगमध्ये उतरलं की आपोआप मिळतो, पण कोर्टात जायची वेळ आली तर नोंदणी लागते. पहिला खर्च हा करा.

दुसरं, गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ध्वनिमुद्रण. अमेरिकेत एफएमवर गाणं वाजलं तर पैसे रचनाकाराला आणि प्रकाशकाला मिळतात, गाणाऱ्याला दमडी नाही. जगात फार कमी देशांत असं आहे. त्यामुळे तिथे लिहिता येणं हा नुसता शौक नाही, पोटापाण्याची बाब आहे. रेकॉर्डच्या प्रतीमागे रचनाकाराला मिळणारा दर १९०९ ते १९७७ पर्यंत २ सेंट होता! वाढत वाढत २००६ मध्ये ९.१ झाला, २०२२ पर्यंत तिथेच अडकला, २०२३ ला १२ सेंट. गीतकारांची किंमत यावरून कळावी.

आणि कंट्री गायिका-गीतकार डॉली पार्टनचा किस्सा लेकीला सांगा. तिचं एक निरोपाचं गाणं एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं. रेकॉर्डिंग ठरल्यावर त्याच्या व्यवस्थापकाने सांगितलं, प्रकाशनाचा अर्धा हक्क द्या. एल्व्हिस! कोणीही दिला असता. ती नाही म्हणाली, आणि त्या रात्री खूप रडली असं तिनेच सांगितलंय. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने तेच गाणं सिनेमासाठी गायलं. ते जगभर गाजलं, आणि हक्क डॉलीकडेच होता.

रात्रपाळी
वकीलबाईंना दंडवत. यात स्ट्रीमिंगची भर घालतो: २०२४ पासून स्पॉटिफायवर ज्या गाण्याला वर्षभरात १,००० स्ट्रीम होत नाहीत त्याला काहीच मिळत नाही. आमच्या बँडची पाच गाणी त्या डब्यात आहेत. मित्र म्हणतो, आम्ही समाजसेवा करतो.

नदीकाठचा_शाहीर
वाचतोय दोन दिवस. एक वेगळंच सुचलं. भावगीतांत आपल्याकडे शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, गळा तिसऱ्याचा. चांगलंच झालं त्यातून. पण आपलं लिहून आपणच उभं राहून गायचं, हे काम आपल्याकडे शाहिरांनी केलं. अण्णाभाऊ साठ्यांची ती छक्कड आठवा, पोटासाठी मुंबईत आलेला गडी आणि गावाकडे राहिलेली मैना. ट्रकच्या जागी बोरीबंदरची गाडी घातली की झालं कंट्री! घर सोडलेल्या माणसाचं गाणं. धागाकर्तीच्या घरात तर दोन माणसं घर सोडून आलेली आहेत, पोरीला विषयांची काय कमी?

बाकी दर गाण्याला घरी परवानगी मागायची सवय असेल तर शाहीर होणं कठीण. हलकं घ्या.

शंकासुर
मी खलनायक झालोच आहे तर पूर्ण होतो. कविता छान, पण पोरगी अठराव्या वर्षी घरभाडं कशातून भरणार? नॅशव्हिलचं भाडं डोंबिवलीचं नाही. नॅशव्हिलला 'टेन-इयर टाउन' म्हणतात, दहा वर्षं घासल्याशिवाय काही होत नाही, हे तिथलेच लोक सांगतात. रात्रपाळी, खोटं आहे का?

रात्रपाळी
खरं आहे. मी दहा वर्षंवाले पाहिलेत, पंधरा वर्षंवालेही.

पण ताई, एक गोष्ट इथे कोणी कशी लिहिली नाही? 'टेनेसी प्रॉमिस'! इथल्या हायस्कूलमधून पास झालेल्या मुलांना कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची फी माफ आहे. समाजसेवेचे काही तास भरावे लागतात, मुदतीत अर्ज लागतो. आणि कम्युनिटी कॉलेज नॅशव्हिलमध्येही आहे. म्हणजे सकाळी वर्ग, दुपारी को-राइट, बाबांना सांगायला 'कॉलेज'. पुढे वाटलंच तर नॅशव्हिलच्या बेलमाँट विद्यापीठात गीतलेखनाची पदवी आहे, आमच्या मर्फ्रीजबरोला मिडल टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीमध्ये (एमटीएसयू) रेकॉर्डिंग इंडस्ट्रीचा मोठा विभाग आहे. बेलमाँट खाजगी, फी ऐकून सांगलीकर पुन्हा बोलायचे बंद होतील. एमटीएसयू सरकारी.

अर्धा_कप
बाबांसाठी एक उदाहरण. क्रिस क्रिस्टॉफरसन, पुढे नावाजलेला कंट्री गीतकार. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्ड, सैन्यात कॅप्टन, हेलिकॉप्टर पायलट, वेस्ट पॉइंटला इंग्रजी शिकवायची नोकरी समोर. १९६५ मध्ये सगळं सोडून नॅशव्हिलला आला आणि कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडू मारायला लागला. घरच्यांनी संबंध तोडले.

ढोलताशा_निवृत्त
हे बाबांना धीर द्यायला सांगताय की हार्ट अटॅक द्यायला?

हिंगाचा_डबा
ऑक्सफर्ड करून झाडू! आमच्या सासूबाई वाचत असत्या तर धागाच उडवला असता.

चॅटनूगाची_आई
तीन आठवडे गायब होते, क्षमस्व. सगळ्यांचे प्रतिसाद लेकीला वाचून दाखवले (तिला मराठी वाचता येत नाही, ऐकून कळतं). 'काकडीची करतात' वर पाच मिनिटं हसत होती.

कार्डवाल्या गृहस्थांना फोन केला. विचारलं, पैसे आम्ही थेट स्टुडिओला आणि वादकांना देतो, तुम्ही नावं सांगा. म्हणाले, तसं चालत नाही. मी म्हटलं, मग राहू दे. लेक रडली, दार आपटलं, दोन दिवस गिटारला हात लावला नाही.

मग सोमवारी ब्लूबर्ड. पहिल्या वेळी नंबरच लागला नाही. चार तास गाडीत. नवरा चालवत होता, कारण मॉन्टईगलचा घाट रात्री मी चालवत नाही. दुसऱ्या सोमवारी पुन्हा नाही. तिसऱ्या सोमवारी मी म्हटलं, आता पुरे, तर नवराच किल्ली घेऊन उभा. त्या दिवशी लागला, शेवटून तिसरा.

स्लशी मशीनचं म्हणेल असं वाटलं होतं. तिने मी कधी न ऐकलेलं गाणं काढलं. रविवारी सकाळी स्वयंपाकघरात एक बाई फोनवर सातासमुद्रापार बोलतेय, नुसतं "हं... हं..." करतेय, आणि फोन ठेवल्यावर भांडी जरा जास्त जोरात घासतेय. 'हं' तसंच ठेवलं होतं, आठ वेळा तरी. पहिल्या 'हं'ला लोक हसले. चौथ्याला हसले नाहीत.

मला वाटायचं तिला काही कळत नाही, ती कानात बोंडं घालून बसलेली असते.

येताना मॉन्टईगलवर नवरा एकदम म्हणाला, "ते भांड्यांचं कडवं परत म्हण बघू." तिने म्हटलं. तो म्हणाला, "आईचा आवाज अजून खालचा असतो." आणि जाताना मिळालेला तास येताना गेलाच, घरी पोचायला साडेबारा.

प्रॉमिसचा अर्ज भरला. नॅशव्हिलच्याच कॉलेजचं बघतोय. दोन वर्षं, मग पुढचं पुढे.

आता नवीन शंका. त्या रात्री केंटकीचा एक मुलगा भेटला, दोघं मिळून गाणं लिहिताहेत व्हिडिओ कॉलवर. हिने तीन कडवी लिहिली, त्याने एक ओळ सुचवली. म्हणतो, निम्मं-निम्मं. हे काय गणित?

रात्रपाळी
तेच इथलं गणित! खोलीत जितके बसले तितके समान वाटे, कोणी किती ओळी दिल्या ते मोजायचं नाही. उद्या तो चार कडवी लिहील आणि ही एक शब्द देईल. पण कागदावर लिहून सह्या घ्या, त्याच दिवशी. 'स्प्लिट शीट' म्हणतात. मैत्री टिकते.

खटल्याची_तारीख
+१. खानावळीच्या बिलामागे लिहिलं तरी चालेल, पण लिहा.

शंकासुर
ब्लूबर्डचं वाचून... असो. ठीक आहे. गाण्याची लिंक द्या.

ढोलताशा_निवृत्त
शंकासुर विरघळले! तारीख लिहून ठेवा रे. लिंक मलाही.

चॅटनूगाची_आई
लिंक नाही. कालच विचारलं. म्हणाली, "आई, आधी त्या वकील मावशींचा ८५ डॉलरचा फॉर्म. नेटवर टाकलं तर ते 'अनपब्लिश्ड' राहीलच असं नाही." दहा गाणी पूर्ण व्हायची थांबलीय, सध्या सात आहेत.